गोळी आहे, पण घेणारा टिकला पाहिजे



गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, तोडणीची माणसे महिनोन् महिने घरापासून लांब राहतात. आपलीही पोरे नोकरीसाठी परगावी असतात. एड्स हा काही अमक्याच माणसाचा रोग नव्हे. म्हणून विषय अवघड असला तरी त्याबद्दल चार गोष्टी येथे देत आहोत. झाकून ठेवल्याने रोग थांबत नाही.

एड्स ज्या विषाणूमुळे होतो तो एचआयव्ही. तो अंगात मुरू नये म्हणून घेण्याची गोळी आता निघाली आहे. तिला 'प्रेप' म्हणतात. टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे तिच्यात असतात. ज्याला लागण झालेली नाही, पण होण्याचा धोका आहे, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ती रोज एक घ्यायची. आधी रक्त तपासायचे आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासत राहायचे.

गोळी नियमित घेतली तर गुण पक्का. पण घोडे अडते ते नियमितपणातच. दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वे येथे ५,०२९ स्त्रियांवर 'व्हॉइस' नावाची चाचणी झाली. ती २०१२ साली संपली. विचारले की बहुतेकजणी "गोळी घेतली" म्हणत. रक्त तपासले तेव्हा गोळी दिलेल्या गटांत जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या नमुन्यांत औषध सापडले. मग गुण कसा दिसणार? पाण्याची पाळी कागदावर लागली आणि सरी कोरडीच राहिली, तसे झाले.

त्या बायका खोटारड्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. एड्सच्या रोग्याला देतात तीच ही औषधे. गोळी कुणी पाहिली तर आपल्यालाच रोग आहे असे लोक म्हणतील, ही भीती. नवरा काय म्हणेल, ही दुसरी. आणि धडधाकट माणसाने औषध कशाला खायचं, हा प्रश्न होताच.

म्हैसूरला मात्र वेगळे घडले. तेथील अशोदया समिती ही देहविक्रय करणाऱ्यांनी स्वतःच चालवलेली संस्था. तिने २०१६ साली हे काम हाती घेतले. गोळी वाटण्याआधी बैठका घेतल्या, शंका ऐकल्या, घरच्यांच्या मनातली भीतीही काढली. आठवण करून द्यायला त्यांच्यातलीच बाई जायची. ६४७ जणींनी नोंद केली. सोळा महिन्यांनी ६४० टिकून होत्या. एकीलाही लागण झाली नाही. जे काम आपलं वाटतं त्यात माणूस टिकतो, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

यातून घ्यायचे ते एवढेच. पहिले काही दिवस मळमळेल, डोके दुखेल, हे आधीच सांगावे; नाहीतर माणूस आठवड्यात गोळी टाकून देतो. चार दिवस खंड पडला तर रागावू नये. रागावलेल्या दवाखान्यात माणूस परत जात नाही. धोका उरला नाही तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवता येते, पुन्हा सुरूही करता येते. मात्र इतर गुप्तरोग या गोळीने टळत नाहीत, निरोध हवाच.

सहा महिन्यांतून एकदा घेण्याचे लेनाकापाविर हे इंजेक्शनही आले आहे. २०२४ साली दक्षिण आफ्रिका व युगांडात ते घेतलेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण सहा महिन्यांनी तिला परत यावेच लागते. तेव्हा प्रश्न तोच राहतो.

सरकारी रुग्णालयातील तपासणी केंद्रात रक्त मोफत तपासतात व नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

आमची एकच विनंती. कुणाच्या पिशवीत अशी गोळी दिसली तर गावभर करू नका. ती रोगाची खूण नसून सावधपणाची असू शकते. तुमच्या एका शब्दाने ती गोळी बंद पडेल.