गाय भरवल्यावर पहिले ४५ दिवस पिशवीत काय घडतं? गाय का उलटते, समजून घ्या

गाय भरवली, तारीख भिंतीवर लिहून ठेवली आणि बरोबर २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली. असं अनेक गोठ्यांत घडतं. गाय एकदा उलटली की तीन आठवड्यांचा चारा-खुराक अंगावर पडतो आणि पुढचं वेतही तेवढंच लांबतं. मग दोष रेताच्या कांडीला, नाहीतर डॉक्टरला दिला जातो. खरं तर बऱ्याच वेळा बीज फळलेलं असतं, गर्भही तयार झालेला असतो, पण तो टिकत नाही. गर्भ कसा वाढतो हे कळलं, तर तो कुठे अडतो हेही कळतं.

पहिला दिवस : बीज फळतं

गायीचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. स्त्रीबीज मात्र माज संपल्यानंतर १० ते १२ तासांनी सुटतं आणि सुटल्यावर काही तासच चांगलं राहतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवायला सांगतात.

फलन गर्भपिशवीत होत नाही. पिशवी आणि बीजांडकोष यांना जोडणाऱ्या बारीक नळीत ते होतं. लाखो शुक्राणूंपैकी एकच बीजात शिरतो. कालवड होणार की गोऱ्हा, हे त्याच क्षणी ठरतं आणि तेही वळूच्या शुक्राणूवरून. त्यात गायीचा काहीच दोष नसतो.

दुसरा ते आठवा दिवस : एकाच्या अनेक पेशी

फळलेलं बीज मिठाच्या कणापेक्षाही लहान असतं. त्याच्या एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा पेशी होत जातात. या काळात गर्भाचा आकार वाढत नाही, आतल्या पेशींची संख्या वाढते. चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भ नळीतून पिशवीत उतरतो.

सातव्या-आठव्या दिवशी पेशींची वाटणी होते. आतला पुंजका वासरू बनतो आणि बाहेरच्या थरापासून वार तयार व्हायला लागते. भ्रूण प्रत्यारोपणात साधारण सातव्या दिवसाचाच गर्भ एका गायीतून काढून दुसरीत ठेवतात.

सुरुवातीचे हे दिवस फार नाजूक. उन्हाने गायीच्या अंगातला ताप वाढला तर एवढासा गर्भ तग धरत नाही. भरवलेली गाय भर उन्हात लांब चालवू नये, सावली आणि भरपूर पाणी द्यावं, ते यासाठीच.

१६-१७वा दिवस : खरी परीक्षा

नवव्या-दहाव्या दिवशी गर्भ वरचं कवच फोडून बाहेर येतो. नंतर तो झपाट्याने लांबतो आणि १७व्या दिवसापर्यंत जवळपास वीतभर लांबीचा, दोऱ्यासारखा दिसतो. तो ‘इंटरफेरॉन टाऊ’ नावाचं एक द्रव्य सोडतो. ‘मी आहे, पुन्हा माजावर येऊ नकोस’ हा निरोपच समजा.

हा निरोप वेळेत पोचला तर बीजांडकोषावरचा पीतपिंड टिकतो आणि गर्भ राखणारं संप्रेरक त्यातून तयार होत राहतं. गर्भ अशक्त असेल किंवा आधीच गेला असेल, तर निरोप पोचत नाही. पीतपिंड विरघळतो आणि २१व्या दिवशी गाय माजावर येते. जे गर्भ जातात, त्यातले बरेचसे या पहिल्या अडीच आठवड्यांतच जातात. गर्भ एवढा लहान असतो की बाहेर काहीच दिसत नाही.

गाय २१ दिवसांऐवजी ३०-४० दिवसांनी उलटली, तर गर्भ राहून नंतर गेला असण्याची शक्यता असते. कधी मधला एक माज नजरेतून सुटलेलाही असतो. म्हणून प्रत्येक तारीख लिहून ठेवावी. ती पाहून डॉक्टरांना कारण शोधायला सोपं जातं.

२२ ते ४५ दिवस : वासराचा आकार

आतल्या पुंजक्याचे आता तीन थर झालेले असतात. वरच्या थरापासून कातडी, केस, खूर, मेंदू आणि नसा. मधल्यापासून हृदय, रक्त, हाडं आणि मांस. आतल्यापासून आतडी, यकृत आणि फुप्फुसं तयार होतात. तिसरा आठवडा संपता संपता हृदय धडधडू लागतं. ४५व्या दिवसाच्या आसपास मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते. तेव्हा गर्भ जेमतेम इंचभर असतो.

पुढे फक्त वाढ. दोन महिन्यांचा गर्भ उंदराएवढा, चार महिन्यांचा लहान मांजराएवढा. वासराचं निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. म्हणून विण्याआधी ६० दिवस गाय आटवावी. गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस सुमारे ३१० दिवसांनी.

गायीच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. वार पडायची वाट न पाहता पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा.

पशुपालकांनी हे लक्षात ठेवावं

- भरवल्यावर १८ ते २४ दिवसांत सकाळ-संध्याकाळ माज तपासावा.
- गाय उलटली नाही म्हणजे गाभण, असं धरू नये. ६० दिवसांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफीने महिनाभरातही कळतं.
- काही गायी गाभण असूनही माज दाखवतात. तपासल्याशिवाय पुन्हा भरवू नये.
- माजावर आणायचं इंजेक्शन गाभण गायीला दिलं तर गर्भ पडू शकतो. आधी तपासणी, मग इंजेक्शन.
- जुळ्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. पोटात दोघांचं रक्त मिसळतं, हे त्याचं कारण. सांभाळण्याआधी ती तपासून घ्यावी.
- तीनदा भरवूनही गाय राहिली नाही, तर चौथ्यांदा भरवण्याआधी पिशवीची तपासणी करावी.