तिसरा ठिपका

"मामा, रिमोट बिघडलाय. बाण आपोआप उजवीकडे पळतो." भाच्याचा फोन आला तो गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. ताईचं घर चिंचपोकळीत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. 1920 सालापासून बसणाऱ्या चिंतामणीच्या दर्शनाची गर्दी त्या दिवसांत गल्लीपर्यंत येते, त्यामुळे स्टेशनपासूनचं पाच मिनिटांचं अंतर कापायला मला अर्धा तास लागला. भावजींनी रिमोट पिशवीत भरून ठेवला होता. लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीला टाकायचा त्यांचा विचार होता. मी तो पिशवीतून बाहेर काढला. बिघाड रिमोटमध्येच आहे हे अजून ठरायचं होतं.

घरात जुना निन्टेन्डो वी आहे. हातातला रिमोट हवेत फिरवायचा आणि पडद्यावर बॉलिंग, टेनिस खेळायचं. आधी नवे सेल घातले. फरक पडला नाही. मग भाच्याला नुसतं खेळायला सांगितलं आणि मी बघत बसलो. बॉलिंगचा चेंडू हाताबरोबर नीट सुटत होता. पण मेनूवर आला की बाण थरथरत उजवीकडे झेपावायचा. अधूनमधून तिसरंच काहीतरी व्हायचं: रिमोटवरचे निळे दिवे लुकलुकायचे आणि संपर्क तुटल्याची सूचना यायची. घरातल्यांच्या लेखी हा सगळा एकच बिघाड होता. माझ्या लेखी दोन होते, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता.

या रिमोटचं काम तीन वाटांनी चालतं. हाताचा झटका मोजणारा सेन्सर रिमोटच्या पोटात असतो. त्याला बाहेरच्या कशाचीच गरज नाही, म्हणून बॉलिंग ठीक होतं. बाण दाखवायचं काम रिमोटच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं. टीव्हीखाली ठेवतात ती पट्टी काही पाठवत नाही, काही ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाशाचे छोटे दिवे असतात, एवढंच. रिमोट ते दोन ठिपके बघतो आणि आपण कुठे रोखलेलो आहोत हे त्यावरून ठरवतो. ही सगळी माहिती कन्सोलपर्यंत जाते ती मात्र ब्लूटूथच्या रेडिओ लहरींवरून.

पट्टीचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बहुधा जांभळट दिसतात. पाहिले, दोन्हीकडचे जळत होते. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये पट्टीच्या संवेदनशीलतेचं पान उघडलं. हे पान मला फार आवडतं, कारण रिमोटला जे दिसतं तेच ते पडद्यावर दाखवतं. तिथे दोन ठिपके हवेत. आम्हाला तीन दिसले. तिसरा डावीकडे होता आणि श्वास घेतल्यासारखा लहानमोठा होत होता.

टीव्हीच्या डाव्या बाजूला घरच्या गणपतीचं मखर होतं, त्यावर दिव्यांचं तोरण. भाच्याने लगेच तोरणाचं बटण बंद केलं. ठिपका तसाच राहिला. तोरण एलईडीचं होतं आणि त्यातून अवरक्त प्रकाश जवळजवळ निघत नाही. जुन्या पिवळ्या बल्बांची माळ असती तर पडदाभर ठिपके झाले असते. मी मखराजवळ गेलो आणि मूर्तीच्या उजव्या हाताच्या समईपुढे, म्हणजे आमच्या डावीकडच्या समईपुढे, तळहात धरला. काही बदललं नाही. टीव्हीच्या बाजूच्या समईपुढे धरला आणि तिसरा ठिपका गेला. हात काढला, परत आला.

ज्योत पिवळी दिसते ती काजळीचे बारीक कण तापून उजळतात म्हणून. हेच कण आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही भरपूर फेकतात. रिमोटचा कॅमेरा एका वेळी चार ठिपक्यांवर लक्ष ठेवू शकतो, पण त्यातले खऱ्या पट्टीचे कोणते हे त्याला कोणी सांगत नाही. पट्टीचं एक टोक आणि समई अशी जोडी जमली की बाण भरकटणारच. लॅमिंग्टन रोडच्या टेबलावर हा रिमोट उत्तम चालला असता. तिथे समई नाही.

"समई शांत करायची नाही हं भाऊ," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. मूर्ती हलवण्याचा तर प्रश्नच नव्हता, प्राणप्रतिष्ठा झालेली. संवेदनशीलता कमी करून पाहिली. ठिपका पुसट व्हायचा, पण वाऱ्याने ज्योत उसळली की पुन्हा यायचा. शेवटी भाच्याला खोलीच्या उजव्या भिंतीकडे सरकवलं. तिथून मखराचा पुठ्ठ्याचा खांब बरोबर समईच्या आड येत होता. बाण स्थिरावला.

राहिला तुटणारा संपर्क. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात 2005 मध्ये परवानामुक्त झाला, आणि वाय-फायही तिथेच. पातळ भिंतींच्या चाळीत घरोघरचे राउटर एकमेकांच्या खोल्यांत बोलतात. तरी मी शेजाऱ्यांवर लगेच संशय घेतला नाही. ब्लूटूथ 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारतं आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळायला शिकतं. इतकं असूनही ते अडखळत असेल, तर गोंगाट फार जवळचा असला पाहिजे.

तो कन्सोलला चिकटूनच होता. लॅपटॉपला लावलेली यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क, तिच्यातून आरत्या वाजत होत्या. या जोडणीचा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो, हे इंटेलने 2012 मध्ये मोजमापांसह मांडलं आहे. डिस्क काढली, दिवे लुकलुकायचे थांबले. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. लॅपटॉप पोटमाळ्यावर गेला. कन्सोलही जमिनीवरून उचलून फळीवर ठेवला, कारण पोरं त्याच्यापुढेच मांडी घालून बसत होती आणि माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

निघण्याआधी मला एक गोष्ट भाच्याला दाखवायचीच होती. त्याला पार डाव्या भिंतीशी उभं केलं. तिथून दोन्ही समया उघड्या दिसत होत्या. मग पट्टीची वायर कन्सोलमधून काढून घेतली.

"आता रोख."

त्याने रिमोट मखराकडे रोखला. पडद्यावर बाण उमटला. किंचित थरथरत होता, पण हात जाईल तिकडे जात होता. सासूबाई तेलाची बुधली घेऊन पुढे आल्या, एका समईत तेल घालायला वाकल्या आणि बाण नाहीसा झाला. त्या बाजूला झाल्या, बाण परत आला. त्यांनी वळून पडद्याकडे पाहिलं, आणि मग मुद्दाम पुन्हा एकदा ज्योतीसमोर हात धरला.