‘वरचा आर्म’ : एका सुट्या भागाची निवड आणि तिची परिभाषा

व्यवसायाची परिभाषा त्या व्यवसायातील वस्तूंबरोबर वाढते. परंतु वस्तू बदलल्या तरी शब्द पुष्कळदा तेच राहतात आणि जुन्या वस्तूच्या अनुभवावर बेतलेला अर्थ नव्या वस्तूलाही लागू केला जातो. अर्थविस्ताराची ही प्रक्रिया भाषाशास्त्राला परिचित आहे व बहुधा ती निरुपद्रवी असते. मात्र जेथे शब्दावरून काम ठरते आणि त्या कामावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तेथे तिचे परिणाम तपासून पाहणे अगत्याचे ठरते. डोंगराळ व कच्च्या वाटांवर चालणाऱ्या पिकअप आणि तत्सम वाहनांच्या पुढील सस्पेन्शनमधील ‘वरचा आर्म’ हे अशा परीक्षणास योग्य उदाहरण होय. मूळ आर्म काढून दुसऱ्या निर्मात्याचा आर्म बसवावा की नाही, आणि बसवावयाचा तर कोणता, हा प्रश्न वरवर केवळ यांत्रिक दिसतो. वस्तुतः त्यातील बऱ्याच चुका पान्याच्या नसून शब्दांच्या असतात.

१. शब्दसंग्रहाची पार्श्वभूमी

दिघा हे नवी मुंबईच्या उत्तर टोकाशी, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत वसलेले गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी औद्योगिक वसाहत ‘टीटीसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते, तिचा पट्टा येथून दक्षिणेकडे तुर्भ्याच्या पलीकडे पसरला आहे. या पट्ट्यात मालवाहू ट्रकांची वर्दळ सतत असते; साहजिकच दुरुस्तीच्या व्यवसायाची भाषाही ट्रकाभोवती घडलेली आहे. पाटे, यू-बोल्ट, किंगपिन, बुश, शॉकअप हे तिच्यातील नित्याचे शब्द. इंग्रजीतून आलेले शब्द मराठी-हिंदी मिश्र वाक्यांत येथे इतके रुळले आहेत की, त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही.

अशा मालवाहू ट्रकाची पुढील दोन्ही चाके सामान्यतः एका अखंड आसाच्या टोकांना बसवलेली असतात आणि तो आस पाट्यांवर तोललेला असतो. या रचनेत वरचा आर्म हा भागच नसतो. ट्रक खचला म्हणजे एखादा पाटा वाढवतात. सांगाडा वर येतो, पण आस अखंड असल्यामुळे चाकांचे उभेपण जवळजवळ पूर्वीप्रमाणेच राहते. आसाचा पुढेमागे असलेला कल बिघडलाच, तर पाटा व आस यांच्यामध्ये पाचर घालून तो सुधारता येतो. म्हणजे ‘उंची वाढवणे’ या शब्दप्रयोगाचा मूळ अनुभव असा की, उंची वाढते आणि बाकीचे फारसे बिघडत नाही.

टोयोटा हिलक्स व फॉर्च्युनर, इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०२० ची महिंद्र थार, २०२१ ची फोर्स गुरखा या वाहनांची पुढील रचना निराळी आहे. तेथे प्रत्येक चाक स्वतंत्र असून वर एक व खाली एक अशा दोन आर्मांनी ते सांगाड्याला जोडलेले असते. दोन्ही आर्म आतल्या बाजूस बुशांवर फिरतात. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असल्यामुळे चाक वरखाली होताना दोन्ही टोके सारख्या वर्तुळांत फिरत नाहीत. म्हणून येथे सांगाडा उचलला की चाकाचे कोन बदलतात. शब्द तोच राहिला, परंतु त्याच्या मागचे यंत्र बदलले. मारुतीच्या जिप्सी व जिम्नी या गाड्यांचा पुढील आस अखंड असल्याने त्यांच्या बाबतीत वरच्या आर्मचा प्रश्न उद्भवत नाही, हेही येथे नमूद करणे इष्ट होय.

२. एका शब्दाखालील अनेक क्रिया

‘लिफ्ट’ या एकाच शब्दाने निदान तीन भिन्न क्रिया सांगितल्या जातात. पहिली, शॉकअपची लांबी तीच ठेवून अधिक ताठ किंवा लांब स्प्रिंग बसवणे. दुसरी, शॉकअपच्या वर स्पेसर ठेवणे. तिसरी, मूळापेक्षा लांब शॉकअप बसवणे. तिन्हींनी उभ्या गाडीची उंची वाढते. परंतु चाक हवेत लोंबू लागल्यावर ते किती खाली जाईल, हे या वाहनांत शॉकअपच्या पूर्ण ताणलेल्या लांबीवर ठरते. पहिल्या प्रकारात ती मर्यादा बदलत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत चाक पूर्वीपेक्षा खाली लोंबते. वरचा आर्म अधिक तिरपा होतो. बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या मर्यादेपर्यंत पोचतो. आणि काही रचनांत आर्म स्प्रिंगला घासू लागतो. मर्यादा ओलांडून वारंवार ताणलेला बॉल जॉइंट अखेर निकामी होतो, आणि तो सुटला तर चाकावरील ताबाच जातो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाशी नसून काहीसा आतल्या बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे त्याच्या वर ठेवलेल्या एक इंच जाडीच्या स्पेसरने चाकापाशी एक इंचापेक्षा बरीच अधिक उंची वाढते. ‘एक इंचाची लिफ्ट’ म्हणजे स्पेसरची जाडी की गाडीची वाढलेली उंची, हे आधी ठरवून घेतले नाही, तर विकणारा व घेणारा एकाच संख्येने दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

‘अलाइनमेंट’ या शब्दाची स्थिती याहून बिकट आहे. त्यात तीन कोन अंतर्भूत आहेत. चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर कलले म्हणजे तो कॅम्बर. तो चुकला की टायरची एकच कड झिजते. दोन्ही चाकांची पुढची टोके परस्परांकडे किंवा परस्परांपासून वळलेली असणे म्हणजे टो. तो टाय रॉडने जुळवतात. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा वरचा भाग मागे झुकलेला असणे म्हणजे कॅस्टर; त्याच्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते आणि वेगात गाडी सरळ रेषेत राहते. गाडी उचलल्यावर बहुधा घटतो तो कॅस्टर. अनेक ठिकाणी मात्र जुळवला जातो केवळ टो, आणि ‘अलाइनमेंट झाले’ असे सांगितले जाते. विधान खोटे नसते. ते अपुरे असते. मग महामार्गावर गाडी भरकटते, स्टिअरिंग परतत नाही, आणि दोष टायरला दिला जातो.

३. निवडीची तत्त्वे

या विवेचनावरून पहिले तत्त्व असे निघते की, वरचा आर्म हा शोभेसाठी किंवा केवळ मजबुतीसाठी घ्यावयाचा भाग नव्हे. तो दोन विशिष्ट अडचणींवरचा उपाय आहे : घटलेला कॅस्टर व बॉल जॉइंटचा अपुरा कोन. यांपैकी एकही अडचण नसेल, तर मूळ आर्म चांगला असताना तो काढण्याचे कारण नाही.

अडचण आहे की नाही हे मापाने ठरते. अलाइनमेंटच्या यंत्रातून तिन्ही कोनांचे आधीचे व नंतरचे आकडे असलेला छापील कागद मिळतो. तो मागून घ्यावा आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादांशी ताडून पाहावा. हिलक्ससारख्या वाहनांत खालच्या आर्मच्या बोल्टांना कॅम्बर-कॅस्टर जुळवण्याची सोय असते. ती शेवटच्या टोकापर्यंत वापरूनही कॅस्टर पुरेसा येत नसेल, तर बॉल जॉइंट किंचित मागे सरकवून बनवलेला आर्म उपयोगी पडतो. असे आर्म साधारणतः दोन ते चार अंशांची भर घालतात. दुसऱ्या अडचणीची परीक्षा याहून सोपी आहे. गाडी सांगाड्यावर उचलून चाक पूर्ण लोंबू द्यावे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना अखेरपर्यंत वळवावे आणि आर्म व स्प्रिंग यांतील अंतर तसेच बॉल जॉइंटचा ताण प्रत्यक्ष पाहावा.

आर्म घेणे आवश्यक ठरल्यावर ‘जॉइंट’ आणि ‘बुश’ हे दोन शब्द पुन्हा फोडून घ्यावे लागतात. जॉइंट दोन प्रकारचा असतो. बॉल जॉइंट ग्रीससह रबरी टोपीत बंद असतो. धूळ व चिखल त्यात सहसा शिरत नाही. परंतु त्याचा कोन मर्यादित असतो. युनिबॉल या उघड्या गोलाकार बेअरिंगचा कोन मोठा असतो, पण धूळ, चिखल व पाणी थेट त्याच्या घर्षणपृष्ठावर पोचतात. वाळवंटी शर्यतीसाठी तो उत्तम. तेथे तो वरचेवर उघडून तपासला जातो. कोकणात चार महिने पावसात व उरलेले महिने धुळीत रोज चालणाऱ्या गाडीस मात्र वाढीव कोनाचा बंद बॉल जॉइंट बहुधा अधिक हितकर होय.

बुशाचेही तसेच. रबरी बुश शांत असतो, त्याला ग्रीस लागत नाही व तो धक्के शोषतो. पॉलियुरेथेनचा बुश अधिक ताठ व टिकाऊ असतो, परंतु ग्रीस सुकले की आवाज करू लागतो. रबरी बुशाच्या बाबतीत बसवण्याची रीत महत्त्वाची आहे. त्याचे रबर आतील व बाहेरील नळीला चिकटवलेले असते. आर्म हलतो तो रबर पिळले जाऊन. चाक लोंबते असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उभी राहताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून शेवटचे आवळणे गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच करावयाचे असते. ‘बुश खराब निघाला’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही चूक असते.

धातूविषयीची चर्चा सर्वांत अधिक होते, पण तिचे स्थान शेवटचे आहे. पोलादी नळीचा, ओतीव किंवा घडीव असा कोणताही आर्म चांगला असू शकतो. पाहावयाचे ते सांधकाम, गंजरोधक लेप, मोठ्या टायरपासून सुटणारे अंतर आणि झिजलेला जॉइंट वेगळा मिळतो की नाही. सुटा जॉइंट मिळत नसेल, तर दोन-तीन वर्षांनी संपूर्ण आर्म पुन्हा घ्यावा लागण्याचा संभव असतो.

४. ‘बदलणे’ : कायद्याचा अर्थ

मराठीतील ‘बदलणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ येथे एकमेकांत मिसळतात : जीर्ण भागाच्या जागी तसाच दुसरा बसवणे, आणि मूळ रचनेत फेरफार करणे. कायदा या दोहोंत भेद करतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात हेच तत्त्व मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद केली. तेव्हा ‘आर्म बदलला’ एवढे म्हणून भागत नाही. नेमके काय केले जाणार आहे, हे काम करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाला व विमा कंपनीला लेखी विचारणे शहाणपणाचे होय.

५. उपसंहार

पारिभाषिक शब्दांच्या चर्चेत मराठीत आजवर शब्द देशी असावा की परकी, या प्रश्नावर फार भर दिला गेला आहे. ‘वरचा आर्म’ ऐवजी ‘ऊर्ध्व नियंत्रक बाहू’ म्हटल्याने कोणाचाही कॅस्टर सुधारणार नाही. गॅरेजच्या भाषेत ‘कॅस्टर’ हा परकी शब्दच राहिला तरी बिघडत नाही. तो ‘अलाइनमेंट’ या शब्दापासून वेगळा उच्चारला जाणे मात्र आवश्यक आहे. परिभाषेची खरी कसोटी शब्दाच्या कुळावर नसून त्याने दाखवलेल्या भेदावर असते. लिफ्ट कोणत्या प्रकारची, इंच कशाचा, कोन कोणता, जॉइंट उघडा की बंद, बुश कशाचा आणि बदल कोणत्या अर्थाचा, या सहा प्रश्नांची उत्तरे ज्याने काम सुरू होण्यापूर्वी मिळवली, त्याची निवड सहसा चुकणार नाही. आणि पुष्कळदा तर नवा आर्म घेण्याची आपल्याला गरजच नव्हती, असे त्याला आढळून येईल.