जिभेवर दिसते ते जठरात असतेच असे नाही

कर्जत किंवा खोपोलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो. न्याहारी अनेकदा फलाटावरचा वडापाव आणि चहा. पुढे आंबट ढेकर, छातीत जळजळ आणि त्यावर चिठ्ठीविना आणलेली ‘ॲसिडिटीची गोळी’. या धावपळीत जठराच्या अस्तराचा विचार सहसा होत नाही.

निरोगी अस्तरावरील श्लेष्माचा थर पेशींचे आम्लापासून रक्षण करतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर या तटबंदीला खिंडार पाडतो आणि अस्तराला सूज येते. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग वर्षानुवर्षे राहिल्यास आम्ल स्रवणाऱ्या ग्रंथी क्षीण होतात, काही ठिकाणी आतड्यासारख्या पेशी तयार होतात आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. विसंगती अशी, की ग्रंथी क्षीण झाल्यावर आम्लही घटते. म्हणजे आजार पुढे सरकत असताना जळजळ मात्र ओसरू शकते. उलट, तीव्र जळजळ होणाऱ्या कित्येकांचे अस्तर तपासणीत निर्दोष आढळते.

पारंपरिक चिनी वैद्यकात जिभेवरून जठराची अवस्था ताडतात. जाड पिवळा थर हे उष्णता व आर्द्रतेचे, तर थर नसलेली लालभडक जीभ ‘यिन’ क्षीण झाल्याचे लक्षण मानतात. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘योगरत्नाकर’मधील अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जिव्हाही आहे, लिप्त जिभेवरून आपले वैद्य ‘आम’ ओळखतात. मात्र जिभेवरून ग्रंथी किती उरल्या, पेशी कितपत बदलल्या, हे कळत नाही. त्यासाठी एंडोस्कोपी करून अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. चीनमधील अनेक रुग्णालयांत म्हणूनच दोन्ही परीक्षा जोडीने होतात.

वजन घटणे, गिळताना अडथळा, रक्ताची उलटी, रक्तक्षय किंवा डांबरासारखी काळी शौच ही लक्षणे असल्यास जीभ पाहत बसण्यात अर्थ नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे डॉक्टरांना सांगावे.) जिवाणूच्या तपासणीपूर्वी ओमेप्रॅझोलसारखी औषधे साधारण दोन आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात, अन्यथा संसर्ग असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो.