पाऊस यायच्या आधीच वारा का सुटतो? पत्रे उडण्यामागचं कारण समजून घ्या

प्रतिनिधी : एप्रिल-मे महिन्यात दुपारपर्यंत अंगाची लाही लाही होते आणि चारच्या सुमारास आभाळ भरून येतं. पाऊस शिवारात पोहोचायच्या आधीच गार वारा सुटतो. पाच-दहा मिनिटांत गोठ्याचे पत्रे उडतात, घड लागलेली केळी आडवी होते. पाऊस मागून येतो, कधी येतही नाही. मग हा वारा येतो कुठून?

हा वारा ढगातूनच खाली येतो. तापलेली दमट हवा वर चढते आणि १२ ते १५ किलोमीटर उंचीचे ढग तयार होतात. त्यातून पाऊस पडू लागला की वाटेतल्या कोरड्या हवेत काही थेंब विरून जातात. माठातलं पाणी जसं पाझरून गार होतं, तशीच ही हवा गार होते. गार हवा जड असते, त्यात पावसाचं वजन. ती वेगाने खाली कोसळते. अंगणात बादली उपडी केली की पाणी चहूकडे पळतं, तशी ही हवा जमिनीवर आपटून पसरते आणि पावसाच्या पुढे काही किलोमीटर धावते.

वादळ पुढे कसं सरकतं? एक तर तीन ते पाच किलोमीटर उंचीवरचा वारा ढगांना ढकलत नेतो. दुसरं म्हणजे पुढे धावणारी गार हवा समोरच्या गरम हवेखाली घुसून तिला वर उचलते आणि तिथे नवा ढग तयार होतो. जुना ढग विरतो, नवा उभा राहतो. म्हणून ढगांची लांबच लांब रांग एकामागून एक तालुके ओलांडत जाते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला टिकलेलं शेड ६० ला टिकेलच असं नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला.

काय काळजी घ्यावी?
- काळं आभाळ आणि अचानक गार वारा हाच इशारा समजा. हातातलं काम सोडून पक्क्या घरात जा.
- झाड, पत्र्याचं शेड, होर्डिंग, विजेचा खांब यांच्याजवळ थांबू नका. गुरंही झाडाखाली बांधू नका.
- उडणारे पत्रे धरायला वर चढू नका. पत्र्यांचे हुक-बोल्ट उन्हाळा लागायच्या आधीच आवळून घ्या.
- तुटलेल्या तारेला हात लावू नका, महावितरणला कळवा.
- हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर बघत चला.

पत्रे परत बसवता येतात, गेलेला माणूस परत येत नाही.