एसयूव्हीची घासाघीस : ऑन-रोडचा आकडा फोडायचा कसा?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा शोरूमच्या सोफ्यावर बसून पटकन वाचायचंय, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

माझ्या मावसभावाने मागे एसयूव्ही घ्यायचं ठरवलं. काका एसटीतून रिटायर झालेले, त्यांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे डाउन पेमेंटला जाणार होते. त्यामुळे दादाला झोप नव्हती. शोरूममध्ये पोचल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "डिस्काउंट किती देणार?" सेल्सवाला हसला, "सर, या मॉडेलला वेटिंग आहे. डिस्काउंट शून्य. पण आज बुक केलंत तर मॅट फ्री." दादा 21 हजारांचं बुकिंग करायलाच निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी कोटेशनचा कागद घे.

गंमत अशी आहे की एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि एका राज्यात ती जवळपास सगळीकडे सारखीच असते. तिथे डोकं आपटून फार काही हाती लागत नाही, विशेषतः गाडीला मागणी असेल तर. पैसे सुटतात ते त्याच्या खालच्या ओळींमध्ये. म्हणून "शेवटचं किती?" हे विचारायच्या आधी "प्रत्येक ओळ वेगळी लिहून द्या" हे म्हणायचं.

दादाची गाडी पेट्रोल, एक्स-शोरूम 14 लाख. कागदावर ऑन-रोड 17 लाखांच्या वर. मधले तीन लाख कुठे गेले?

मोठा वाटा रोड टॅक्सचा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, डिझेलला 14. म्हणजे दादाचे 1 लाख 68 हजार. वर नोंदणी, कर्जाचा बोजा चढवणं, कार्ड असं किरकोळ. यात घासाघीस नाही, सरकारचा पैसा आहे. फक्त आरटीओची पावती आपल्या हातात मागून घ्या आणि कोटेशनमधल्या आकड्याशी जुळवून बघा. दुसरी ओळ टीसीएस. गाडी 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का, म्हणजे इथे 14 हजार. हे पैसे बुडत नाहीत बरं का! तुमच्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरताना करातून वळते होतात, कर निघत नसेल तर परत मिळतात. पॅन नंबर बरोबर लिहिलाय ना, तेवढं बघा.

आता खरी गंमत. इन्शुरन्स 71 हजार. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, आणि त्याचा दर सरकारी, सगळ्या कंपन्यांत एकच. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि झिरो डेपसारखी ॲड-ऑन, यात कंपनीगणिक भरपूर फरक. दादाने शोरूममध्येच बसून मोबाइलवर तीच आयडीव्ही आणि तीच ॲड-ऑन टाकून बघितली : 52 हजार. (आयडीव्ही सारखी ठेवायला विसरू नका. ती कमी करून विमा स्वस्त दाखवणं सोपं असतं, आणि गाडी चोरीला गेली की रडायची वेळ येते.)

"बाहेरून विमा घेतला तर वॉरंटी जाईल सर," असं उत्तर आलं. जात नाही. विमा कुठून घ्यायचा हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. दादाने शांतपणे एवढंच म्हटलं, "हे लिहून द्याल का?" पाच मिनिटांत तीच पॉलिसी 53 हजारांना आली. एक हजार जास्त देऊन त्याने ती तिथूनच घेतली, क्लेमच्या वेळी धावपळ नको म्हणून. मला तो निर्णय पटला.

मग हँडलिंग चार्जेस, साडेनऊ हजार. कुठे याला लॉजिस्टिक्स म्हणतात, कुठे डेपो चार्जेस. हा सरकारी कर नाही. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा का द्यायचा? भांडायचं नाही, फक्त "ही ओळ काढा, मग बुकिंग करतो" म्हणायचं. निघाली. ॲक्सेसरीजचं 18 हजारांचं पॅक "कंपलसरी" होतं. तेही मॅट आणि मडफ्लॅपपुरतं 4,200 वर आलं. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र दादाने ठेवली. गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर मीही ठेवेन.

जीएसटीबद्दल एक शब्द. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना 18 टक्के, मोठ्या एसयूव्हीला 40 टक्के. मोठ्या गाड्यांवर आधी सेस धरून 50 पर्यंत जायचा. हा फरक आता एक्स-शोरूममध्ये आलेलाच आहे. तो "आमच्याकडून खास सूट" म्हणून कोणी सांगितला तर हसून सोडून द्या.

सगळ्यात महागात पडणारा प्रश्न वेगळाच असतो : "सर, महिन्याला किती हप्ता जमेल?" इथे गाडीची किंमत बाजूला पडते. 12 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 24,900 च्या आसपास आणि एकूण व्याज साधारण 2 लाख 95 हजार. सात वर्षं केली तर हप्ता 19,300, ऐकायला गोड! पण व्याज 4 लाख 22 हजार. म्हणून आधी स्वतःच्या बँकेत जाऊन दर विचारून ठेवा, मग शोरूमला तो मोडून दाखवायला सांगा. जुनी गाडी द्यायची असेल तर तिची बोलणीही वेगळी ठेवा, नाहीतर इकडे दिलेलं तिकडून काढून घेतात.

वेळेचं म्हणाल तर दसरा-पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तुमच्याशी घासाघीस कोण करणार? पितृपक्षात जा. शोरूम ओस असतं, चहा दोनदा येतो. बोलणी तेव्हा उरका आणि डिलिव्हरी दसऱ्याची घ्या, आजीही खूश. महिनाअखेर आणि डिसेंबरही बरा. फक्त डिसेंबरात सूट कशामुळे आहे ते समजून घ्या : जानेवारीत ती गाडी "मागच्या वर्षीची" होते आणि विकताना भाव पडतो.

दादाचे एकूण 41,300 वाचले, एक्स-शोरूममध्ये एक रुपयाही कमी न होता. डिलिव्हरीच्या आधी, नोंदणी व्हायच्याही आधी, आम्ही यार्डात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघितली. चेसिस नंबर लिहून घेतला, उत्पादनाचा महिना विचारला. तो महिना सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म 21 वर असतो. काकांनी फक्त टायर दाबून बघितले आणि म्हणाले, "ब्रेक कसे आहेत रे?"