चिन्ह आयोगाचं, अर्थ मतदाराचा!

मतदानयंत्रावर नावाशेजारी चिमुकलं चित्र असतं. त्यात जीव भरतात ती माणसं. वाचा या गमतीजमती.

पेटी बोलते! १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या बाईनं बैलजोडी हेरायची, मतपत्रिका आत सारायची, झालं मतदान! यातल्या लाखो पेट्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या.

पंजा कुणाचा? तेव्हा हाताचा पंजा होता नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाचा. काँग्रेसकडे आधी बैलजोडी, मग गाय-वासरू. पंजा आला १९७८मध्ये. आज पंजा दिसला की रुईकर कुणाला आठवतात?

पेन्सिलीची कमाल. निवडणूक चिन्हांची कितीतरी चित्रं निवडणूक आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी हातानं रेखाटली. ते १९९२मध्ये निवृत्त झाले, पण त्यांची रेखाटनं अजून मतं मागतायत.

हत्ती एक, पक्ष दोन. उत्तर प्रदेशात हत्ती म्हणजे बसप, आसामात आसाम गण परिषद. धनुष्यबाणाचंही तेच: महाराष्ट्रात शिवसेना, झारखंडात झारखंड मुक्ती मोर्चा.

दगडालाही आचारसंहिता! २०१२च्या विधानसभा निवडणुकीआधी लखनौ-नोएडातले हत्तींचे पुतळे आयोगानं झाकायला लावले. एरवी उद्यानाची शोभा असलेला दगड निवडणूक लागताच प्रचारक ठरला.

गोव्याचा सिंह. प्रचारात मुक्या जनावरांचे हाल होतात, म्हणून आयोगानं प्राण्यांची चिन्हं नव्यानं देणं थांबवलं. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जुना सिंह मात्र टिकून आहे.

पिपाणीचा सूर. २०२४, सातारा लोकसभा. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस; त्याच यंत्रावर एका अपक्षाला नुसती पिपाणी. पवारांचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला, पिपाणीला पडली ३७,०६२ मतं! सारख्या दिसणाऱ्या चित्रांनी घात केला, असं पक्षाचं म्हणणं.

रायगडचा खटारा. बैलगाडीचं चित्र. पण रायगडात ‘खटारा’ म्हटलं की शेतकरी कामगार पक्षच आठवतो. ही ओळख भिंती रंगवणाऱ्या, वाड्या-पाड्या पालथ्या घालणाऱ्या कार्यकर्त्यांनी कमावलेली आहे. चिन्ह एका आदेशानं मिळतं. त्याचा अर्थ रुजायला पिढ्या राबाव्या लागतात.